कंदिलाच्या कामट्या

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १५३४ पासूनचा पोर्तुगीज अंमल संपला. एवढं आपण वर्गात घोकलं. शब्द मात्र मागे राहिले. पाव आणि नाताळ, दोन्ही पोर्तुगीजच. घरांत काय राहिलं ते मी माझ्या बाकावरच्या मित्राकडे शिकलो.

दिवाळी संपली की आमचा फाटका कंदील तो मागून न्यायचा. त्याच्या कामट्या सोडवून पाच टोकांचे दोन तारे करायचे, टोकांशी दोऱ्याने बांधायचे, मध्ये आडव्या काड्या घातल्या की ताऱ्याला पोट यायचं. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ. आमची करंजी त्यांच्याकडे नेवरी. ओव्हन कोणाकडेच नव्हता. केकचं पातेलं तापल्या वाळूवर, झाकणावर निखारे. कडा करपायच्याच, आणि आमची भांडणं त्या कडांसाठीच!

दहावीनंतर आमचा अबोला झाला. चूक माझी होती. तरी त्याची आई दर नाताळला नेवऱ्यांचा डबा धाडत राहिली, आणि संक्रांतीला तो आमच्याकडून तिळाच्या वड्या भरून परत जाई.

मेळाव्याला तो येतोय म्हणे. मी कामट्या तासून ठेवल्या आहेत.