नर्मदातीर आणि स्थलांतरित देव

आपल्या देवस्थानाच्या स्मरणिकेसाठी इतिहासपर काही लिहावे, अशी समितीची सूचना आली तेव्हा मी बडोद्यास, मांजलपूर येथे कन्येच्या घरी वास्तव्यास होतो. संदर्भग्रंथ हाताशी नव्हते. परंतु त्याच सुमारास नर्मदातीरी जाण्याचा योग आला आणि विषय आपोआप सापडला.

ही यात्रा वस्तुतः आमच्या मातोश्रींची. तिचा सर्व बेत ठरलेला असता १९५५ साली गोव्याची सरहद्द आवळली गेली, मुरगाव बंदरातून घाटावर जाणारी आगगाडी बंद पडली आणि परवान्यावाचून पलीकडे जाणे दुरापास्त झाले. सरहद्द १९६१ च्या डिसेंबरात मोकळी झाली खरी, परंतु तोवर तिचे गुडघे राहिले नव्हते. शूलपाणेश्वराचे नाव मी प्रथम तिच्याच तोंडी ऐकले. लिसेवात आम्हांस मिन्यो, दोरू, मोंदेगु, तेजु या पोर्तुगालच्या नद्या उगमापासून मुखापर्यंत पाठ कराव्या लागत. नर्मदा कोठे उगवते, हे मात्र कोणी विचारले नाही.

मांजलपूर हे एके काळचे लहानसे गाव आज शहरात विलीन झाले आहे. जवळच मकरपुऱ्याचा राजवाडा आहे. तो खंडेराव गायकवाडांनी उभारला. खंडेरावांचे दुसरे काम यात्रेकरूंच्या दृष्टीने अधिक मोलाचे. त्यांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा अरुंद रूळमार्ग टाकण्यात आला. हिंदुस्थानातील हा पहिला अरुंदमापी लोहमार्ग. आरंभी त्यावरील डबे बैल ओढीत! पुढे ही वाट चांदोदपर्यंत पोहोचली आणि श्राद्धकर्मासाठी जाणाऱ्या मंडळींची पायपीट सरली. तो जुना मार्ग आता राहिला नाही. रुंदमापी रूळ टाकून २०२१ च्या जानेवारीत तो केवडियापर्यंत वाढविण्यात आला.

चांदोद येथे ओरसंग नर्मदेस मिळते. सरस्वती गुप्तरूपाने तेथेच मिळते, अशी श्रद्धा असल्याने या स्थानास त्रिवेणीचे महत्त्व आहे. संगमापलीकडे कर्नाळी, तेथे कुबेर भंडारीचे देवालय. अमावास्येस तेथे पाऊल ठेवण्यास जागा नसते. याच परिसरात दयानंद सरस्वतींनी संन्यास घेतला, आणि बडोद्यात नोकरीस असलेले अरविंद घोष गंगनाथ येथील ब्रह्मानंद स्वामींच्या दर्शनास येत. मी घाटावर मातोश्रींच्या नावे तर्पण केले. उपाध्यायांनी गोत्र व कुलदैवत विचारले, मी सांगितले. ‘मूळ स्थान तेच का?’ असे त्यांनी सहज विचारले आणि मी क्षणभर निरुत्तर झालो.

महाजन बंधूंना त्याचे कारण सांगावयास नको. सोळाव्या शतकात सासष्टीतील देवालयांवर गंडांतर आले तेव्हा कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये अघनाशिनी, म्हणजे आजची जुवारी, ओलांडून प्रियोळास नेण्यात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. फोंडा महाल त्या वेळी पोर्तुगीज अंमलाबाहेर होता, हेच त्यामागील कारण. रात्रीच्या अंधारात मूर्ती मस्तकी घेऊन नदी पार करणारांची नावे आपल्या महाजनकीच्या नोंदवह्यांत नाहीत. त्या वह्यांचे नियम पोर्तुगीज सरकारने १८८६ व १९३३ साली केले. ज्याने आयुष्यभर दफ्तरे सांभाळली, त्यास ही उणीव अधिक बोचते.

गरुडेश्वरी मात्र मन निवले. येथे १९१४ साली प. प. वासुदेवानंद सरस्वती, अर्थात टेंबे स्वामी, समाधिस्थ झाले. त्यांचा जन्म १८५४ चा, सावंतवाडीजवळील माणगावचा. म्हणजे आपल्या शेजारचाच. (पणजीचे लिसेवही त्याच वर्षीचे, हा केवळ योगायोग.) स्वामींनी उज्जयिनीस दंड घेतला आणि आसेतुहिमाचल भ्रमण पायीच केले. कोकणातील एका भिक्षुकपुत्राने अखेरचा विसावा नर्मदातीरी घ्यावा आणि गुजराती भाविकांनी तो जपावा, हा इतिहासही मराठ्यांच्या लष्करी मोहिमांइतकाच लिहिण्याजोगा आहे. याच परंपरेतील नारेश्वरचे रंग अवधूत; घराणे रत्नागिरीकडील देवळ्याचे, जन्म गोध्ऱ्याचा, आणि त्यांची ‘दत्तबावनी’ गुजरातीत.

तेथून शूलपाणेश्वरास गेलो. मात्र मातोश्री सांगत असे त्या शूलपाणेश्वरास नव्हे. मणिबेलीजवळील ते प्राचीन देवालय सरदार सरोवराच्या जलाशयात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बुडाले. देवाची स्थापना धरणाच्या खालच्या अंगास, गोरा गावी, नव्या देवळात झाली आहे. देऊळ प्रशस्त व स्वच्छ आहे. तरी तेथे उभा असता मला कुशस्थळीच आठवली. फरक एवढाच, की आपले देव नदी ओलांडून वाचले आणि हा देव नदीच अंगावर आल्याने हलला. मणिबेलीची भिल्ल कुटुंबेही तेव्हा उठली. आपल्या पूर्वजांना देवाभोवती पुन्हा एकत्र येता आले. तेवढे भाग्य या कुटुंबांपैकी कितींना लाभले, हे विचारल्याखेरीज या देवळाचा इतिहास पुरा होणार नाही.

परिक्रमेचाही मार्ग पालटला. अमरकंटकापासून भडोचजवळच्या सागरसंगमापर्यंत १,३१२ किलोमीटर लांबीची ही नदी उजव्या हाताशी ठेवून, ती न ओलांडता फिरावयाचे, हा नियम. दक्षिण तीरावरील शूलपाणीच्या झाडीत भिल्लांकडून वस्त्रपात्र लुटले जाणे, हाही जणू त्या व्रताचा भाग मानला जाई. झाडीतील काठची वाट आता पाण्याखाली आहे. परिक्रमावासी बडवानीहून शहादा, प्रकाशा, तळोदा अशी वळसा घेतलेली वाट धरतात. प्रकाशा तर तापीच्या काठी! नर्मदेची प्रदक्षिणा करणारा दुसऱ्याच नदीत स्नान करून पुढे जातो. शास्त्री मंडळी यावर काय म्हणतील ते म्हणोत. चालणारे चालतच आहेत.

गोऱ्याच्या घाटावर मातोश्रींचा तांब्याचा गडू भरून घेतला. पुजाऱ्यांना मी विचारले, जुन्या जागी देवळाचे काही दिसते काय? त्यांनी वरच्या अंगास, धरणाच्या भिंतीकडे बोट केले. गडू सध्या मांजलपूरच्या देव्हाऱ्यात आहे. शिशिरोत्सवास येताना घेऊन येईन.