कादंबरीतून आलेले नाव : डँडी डिनमॉन्ट

एखादे पात्र कोणावरून बेतले, हे शोधण्याची वाङ्मयाच्या अभ्यासकाला खोडच असते. चरित्रे, पत्रे, आठवणी चाळून आपण पात्राचे ‘मूळ’ निश्चित करू पाहतो. उलट दिशेचा प्रवास मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही. पुस्तकातले नाव बाहेर पडते, एखाद्या जिवंत प्राण्याला चिकटते आणि त्याचे पुढचे रूपही ठरवू लागते. स्कॉटलंडचा ‘डँडी डिनमॉन्ट टेरिअर’ हा लहानगा कुत्रा अशा प्रवासाचे ठळक उदाहरण आहे. म्हणूनच त्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

नाव मिळण्याआधीही कुत्रा होताच. अठराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात शेतकरी आणि भटके लोक आखूड पायांचे, राठ केसांचे टेरिअर बाळगीत. ‘टेरिअर’ या शब्दाच्या मुळाशी जमीन आहे. बिळात शिरून कोल्हा, बॅजर यांच्याशी झुंजणे हे या कुत्र्यांचे काम. गेन्सबरोने १७७० मध्ये रंगविलेल्या ड्यूक ऑफ बक्लूच्या व्यक्तिचित्रात ड्यूकच्या कवेत जो कुत्रा दिसतो, तो याच घराण्यातला मानला जातो.

१८१५ मध्ये वॉल्टर स्कॉटची ‘गाय मॅनरिंग’ ही कादंबरी लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. मराठीत ऐतिहासिक कादंबरीच्या चर्चेत स्कॉटचे नाव वारंवार येते. पण ही कादंबरी आपल्याकडे क्वचितच वाचली जाते. तिच्यातला डँडी डिनमॉन्ट हा लिडस्डेलचा धिप्पाड, दिलदार शेतकरी. त्याच्या सहा टेरिअरांना मिळून नावे दोनच : पेपर आणि मस्टर्ड, म्हणजे मिरी आणि मोहरी. म्हातारा, तरुण आणि धाकटा एवढ्या विशेषणांवर त्यांची ओळख भागते.

वाचकांनी लगेच ‘मूळ’ शोधले. हिंडली येथील जेम्स डेव्हिडसन या शेतकऱ्याकडे खरोखरीच याच नावांचे टेरिअर होते. लोक त्यालाच डँडी डिनमॉन्ट म्हणू लागले. स्कॉटने पुढे कादंबरीला जोडलेल्या टिपेत स्पष्ट केले, की हे पात्र कोणा एकाचे चित्र नाही. आतिथ्य करणारे डझनभर तरी शेतकरी त्यावर हक्क सांगू शकतील. परंतु त्याच टिपेत डेव्हिडसनच्या अखेरच्या आजाराची एक हकीकत येते. कोल्ह्याच्या शिकारीचा गलबला कानी पडताच हा मरणासन्न माणूस हट्टाने अंथरुणातून उठून खिडकीशी गेला. डेव्हिडसन १८२० मध्ये वारला. नकार देता देता लेखकाने ती दंतकथा अधिकच पक्की केली, असे आम्हांस वाटते.

यानंतर कुत्र्याचे जग पालटले. कादंबरीच्या वाचकांना ‘डँडीचे कुत्रे’ हवे झाले. स्वतः स्कॉटनेही ते पाळले. १८४२ मध्ये सेल्कर्कजवळच्या हेनिंग येथे ‘ओल्ड जिंजर’ जन्मला. आजचे सर्व डँडी आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेतात. १८७५ मध्ये त्याच सेल्कर्कमध्ये या जातीचा क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिचे प्रमाण-लक्षण लिहिले गेले. स्कॉट ज्या परगण्याचा शेरिफ होता, त्याचेच हे मुख्य गाव. पेपर आणि मस्टर्ड ही आता रंगांची अधिकृत नावे झाली. बिळातल्या कामावर पारखला जाणारा प्राणी यापुढे लिखित वर्णनाशी ताडून पाहिला जाऊ लागला.

ते वर्णन असे : उंची खांद्यापाशी ८ ते ११ इंच, वजन १८ ते २४ पौंड. शरीर लांब, नेवळ्यासारखे लवचीक. पुढचे पाय मागच्यांहून आखूड. कमरेवर हलकी कमान. मोठ्या डोक्यावर रेशमी झुपका आणि त्याखाली टपोरे, काळसर डोळे. अंगावरचे केस दुहेरी : आत मऊ, वर राठ. म्हणून जुने केस कात्रीने न कापता बोटांनी उपटून काढतात. यंत्र फिरविले तर पोत मऊ पडतो. लांब पाठीला इजा लवकर होते. उंचावरून उडी मारू देऊ नये आणि उचलताना छाती व मागचा भाग दोन्हींना आधार द्यावा. लोंबते कान साफ ठेवावे लागतात. काचबिंदूकडे या जातीचा कल असल्याने डोळ्यांची तपासणीही महत्त्वाची ठरते.

आज ब्रिटनमध्ये वर्षाला ३०० हून कमी पिल्ले नोंदली जाणाऱ्या देशी जातींच्या ‘असुरक्षित’ यादीत डँडी आहे. नावाने त्याला सीमेवरच्या अनेक अनाम टेरिअरांतून वेगळे काढले, जपले. मात्र ज्या कामासाठी तो होता ते काम गेले आणि ज्या पुस्तकाने नाव दिले त्याचे वाचकही विरळ झाले. आता क्लबातले मूठभर जोपासक त्याची वंशावळ राखीत आहेत. नावाने जातीला किती काळ तारावे, याचा निकाल वाङ्मयाच्या इतिहासात नव्हे, त्यांच्या घरी जन्मणाऱ्या पिल्लांच्या संख्येवर लागणार आहे. मस्टर्डचे पिल्लू गडद तपकिरी जन्मते आणि पेपरचे काळे-तांबूस. मोहरी आणि मिरी हे रंग त्यांच्यावर सावकाश, महिन्यामहिन्यांनी उतरतात.