बनी बू अलीची मोहीम

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई ते मस्कत हा समुद्रमार्ग सुरक्षित ठेवणे, हे मुंबई सरकारचे मोठे काम होते. आखातात व्यापारी जहाजे लुटली जात. मस्कतचे सय्यद सईद यांनाही त्याचा उपद्रव होई, म्हणून दोन्ही सरकारांनी एकत्र येऊन बंदोबस्त केला. १८१९च्या अखेरीस जनरल कीर यांनी रास अल-खैमा जिंकले आणि जानेवारी १८२० मध्ये तेथील शेखांशी तह झाला. देखरेखीसाठी काही सैन्य व कॅप्टन पेरोनेट थॉम्प्सन हे अधिकारी तिकडेच राहिले.

त्याच वर्षी ओमानच्या जालान भागातील बनी बू अली जमातीवर चाचेगिरीचा आरोप आला. थॉम्प्सन यांनी त्यांना पत्र पाठवले, पण ते नेणारा माणूस मारला गेला. थॉम्प्सन यांनी चढाई ठरवली. ही जमात सय्यद सईद यांची सत्ता मानत नसे, त्यामुळे त्यांनाही मोहीम हवीच होती. आरोपाची नीट चौकशी झाली नाही आणि आत मुलखात शिरण्यास मुंबईची संमतीही घेतली गेली नाही.

नोव्हेंबर १८२० मध्ये जमातीचे लोक तलवारी घेऊन तुटून पडले. अडीचशेहून अधिक शिपाई कामास आले. एका सैनिकाला वाचवताना सय्यद सईद यांच्या हाताला जखम झाली. पुढे जनरल लायोनेल स्मिथ मुंबईहून मोठी फौज घेऊन गेले आणि २ मार्च १८२१ रोजी त्यांनी जमातीचा पाडाव केला. कैदी मुंबईला आणले गेले. थॉम्प्सन यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला व उतावळेपणाबद्दल त्यांना जाहीर ताकीद मिळाली. काही काळाने सरकारने कैद्यांना सोडून दिले आणि घरे पुन्हा उभारण्यासाठी पैसेही दिले.

मुंबई लष्करात आपल्या समाजाचे अनेक शिपाई, जमादार व सुभेदार होऊन गेले. १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हेही त्याच लष्करातले. अशा पलटणींतले साधे शिपाई वरच्यांच्या घाईपायी परमुलखात मेले, हे विसरू नये.

नोव्हेंबर २००८ मध्ये हल्लेखोर मुंबईत समुद्रातूनच आले आणि नरिमन हाऊसमध्ये आपले यहुदी बांधव मारले गेले. तेव्हा उलट झाले होते : धोक्याच्या सूचना आधी आल्या होत्या, पण निरनिराळ्या खात्यांत विखुरलेल्या राहिल्या. त्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. सरकारांनी एकत्र यावे ते आधी खबर पडताळण्यासाठी, आणि मगच शस्त्र उचलण्यासाठी. दोन साक्षीदारांवाचून कोणाला दोषी धरू नये, असे आपली तोरा सांगते. सय्यद सईद आणि थॉम्प्सन यांच्याकडे दोन सैन्ये होती. साक्षीदार मात्र नव्हते.