‘कल्पना’ आणि मानसपूजा : मराठवाड्यातील एक अर्थपरंपरा

संतवाङ्मयात ‘कल्पना’ हा शब्द सहसा चांगल्या अर्थाने येत नाही. संकल्प-विकल्पांच्या पंक्तीत बसणारी, द्वैत उत्पन्न करणारी, जिवाला बांधणारी ती कल्पना. असे असता, शास्त्राचा अर्थ लावताना याच कल्पनेच्या बळावर अंतरीची समृद्धी उभी करण्याची परंपरा मराठीत वाढली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नांदेड येथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ज्या ग्रंथास गुरुपद दिले, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी एका पदात पूजेचे साहित्यच एकेक करून बाद होते. पाण्यात असंख्य जीव आधीच नांदत असतात, फुलाचा वास भ्रमराने घेतलेला असतो, दूध वासराने चाखलेले असते. मग वाहावे काय? देव तर सर्वत्रच भरलेला आहे! दुसऱ्या एका पदात नामदेवांना देवळातून उठवून लावल्याचे वर्णन येते. लोकपरंपरा तो प्रसंग औंढा नागनाथचा मानते. ज्याला गाभारा बंद, त्याच्या दृष्टीने अंतरीची पूजा ही केवळ साधनेतील वरची पायरी नव्हती, याचा विवेचकांना बहुधा विसर पडतो.

लातूरनजीकच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर आकृत्यांसह लिहिला. श्रोत्याच्या कल्पनाशक्तीवर त्यांनी सर्व भार टाकला नाही, असेच म्हणावे लागते.

जांबेच्या रामदासांनी (१६०८–१६८१) मात्र तो निःशंकपणे टाकला. भागवतातील नवविधा भक्तीचा अर्थ सांगताना दासबोधाच्या चौथ्या दशकात ते अर्चनभक्तीच्या साहित्याची भलीमोठी यादी देतात आणि अखेरीस म्हणतात की, जे हवे ते मनाने कल्पून देवाला अर्पावे. ‘मानसपूजा’ या त्यांच्या स्वतंत्र प्रकरणात तर स्वयंपाकाची सिद्धता आणि पदार्थांची रेलचेल यांचे वर्णन संपता संपत नाही. दख्खनमधील १६३०–३२ चा भीषण दुष्काळ ज्या पिढीने पाहिला, त्या पिढीतील हे लेखन होय. नामदेव साहित्य वजा करतात, रामदास ते मनात वाढवतात. पण बाहेरच्या साहित्यावर पूजा अडून राहू नये, हा हेतू दोघांचा एकच.

तथापि या वाढलेल्या ताटावर रामदास थांबत नाहीत. सातव्या दशकातील द्वैतकल्पनानिरसनाच्या समासात ते कल्पनेलाच निर्विकल्पाची कल्पना करावयास लावतात. तसे करताना ती आपोआप मावळते. म्हणजे येथे कल्पना साधन आहे, पण टिकणारे साधन नव्हे. मनात चिंतिले ते व्यवहारात मिळते, असा जो अर्थ अलीकडे शास्त्रवचनांवर लादला जातो, त्याला या ग्रंथात आधार सापडणे कठीण आहे. कल्पनेतल्या पंगती वाढणारे हेच रामदास बाराव्या दशकाच्या आरंभी रोखठोक बजावतात की, प्रपंच सोडून नुसता परमार्थ करू जाणाऱ्यास खावयास अन्नही मिळणार नाही.