आखूड होत जाणारी दोरी

१९२२च्या जूनअखेरीस अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक सिटी गावचा १८ वर्षांचा राल्फ सॅम्युअलसन पेपिन तलावात पुन्हा पुन्हा बुडत होता. बर्फावर घसरता येतं, तर पाण्यावर का नाही, एवढाच त्याचा प्रश्न. आधी पिंपाच्या फळ्या झाल्या, मग बर्फावरच्या स्की. शेवटी लांब फळ्या आणून त्यानं त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली. बोट भाऊ बेन चालवायचा. २ जुलैला राल्फ मागे रेलला, फळ्यांची टोकं पाण्याबाहेर ठेवली आणि उभा राहिला. फळ्या बदलून झाल्या होत्या. किल्ली शरीराच्या कलात होती.

पेटंट मात्र १९२५मध्ये फ्रेड वॉलरनं घेतलं. सॅम्युअलसनचं श्रेय मान्य व्हायला १९६६ उजाडलं.

पुढे स्लालमनं या हौसेला मोजमाप दिलं. एकच स्की, सहा बोया, त्याही बोटीच्या मार्गापासून ११.५ मीटर दूर. सहाही पार झाल्या की वेग वाढतो. वेगाची मर्यादा गाठली की दोरी आखूड होते: १८.२५ मीटर, १६, १४.२५... ११.२५ला दोरी बोयेपर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर लांबवलेल्या हातानं आणि तिरप्या अंगानं भरायचं.

हौशी माणूस इथे अडला की नवी स्की घेतो, नाहीतर हातांनी दोरी ओढू लागतो. मग खांदे बोटीकडे झुकतात, कल मोडतो आणि पुढची बोया हुकते. पेपिन तलावातला धडा प्रत्येकाला आपापल्या पाण्यात, बुडूनच शिकावा लागतो.