मिश्र अध्ययन (पेण-रोहा परिसर)

मिश्र अध्ययन : वर्गातील अध्यापनाला ध्वनिचित्रफिती, श्राव्य पाठ व ऑनलाइन स्वाध्यायांची जोड देणारी उच्च शिक्षणातील पद्धती. रायगड जिल्ह्यातील पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय आणि रोह्याचे डॉ. चिंतामणराव देशमुखांच्या नावाचे महाविद्यालय ही दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. पेण व रोहा तालुक्यांत आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर असे निरनिराळे समाज राहतात. कोणाचे घर भातशेतीवर चालते, कोणाचे पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांवर, तर कोणाचे धाटावच्या औद्योगिक वसाहतीवर. हंगामात कामाला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा तास बुडतो. चित्रफीत मात्र त्याला रात्री पुन्हा पाहता येते. इंग्रजी पाठ्यपुस्तक अडते तिथे मराठी निवेदन कामी येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकविषयक छोटे पाठ मराठीतही आणले. पाहता पाहता सोबत करून शिकायचे, ही त्याची रीत. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झाले. त्यावरून मिळवता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये 20 वरून 40 टक्क्यांपर्यंत वाढवली. मर्यादा वाढली, तरी वीज व नेटवर्क त्या प्रमाणात वाढत नाहीत. करोनाच्या टाळेबंदीत शिक्षण ऑनलाइन झाले असतानाच 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्ह्यातील अनेक गावांची वीज व मोबाइल संपर्क तुटला. अशा भागात थेट प्रक्षेपित तासिकेपेक्षा आधी उतरवून ठेवता येणारा छोटा पाठ अधिक भरवशाचा ठरतो.