नीरेच्या कालव्यावरचा समाजवाद

समाजवादाने देश संपन्न होतो की खुल्या बाजाराने, हा वाद आपल्याकडे बहुधा दोन जर्मन्यांचा दाखला देऊन घातला जातो. माणसे तीच, भाषा तीच, फरक फक्त व्यवस्थेचा, म्हणून तो दाखला बिनतोड वाटतो. पण तसाच एक दाखला माळशिरस तालुक्यात आहे आणि तो बर्लिनइतका सरळ उत्तर देत नाही. श्रीपूर, माळीनगर आणि अकलूज या थोड्या अंतरावरच्या गावांत, एकाच नीरा उजव्या कालव्याच्या टापूत, साखरेच्या धंद्याने मालकीचे चार प्रकार पाहिले: खाजगी कंपनी, शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी, सरकारी महामंडळ आणि सहकार. माती, पाणी आणि पीक तेच. या चौघांचा इतिहास ताडून पाहिला की मालक कोण, हा प्रश्न मागे पडतो. त्याजागी दुसराच प्रश्न उभा राहतो: ऊस पिकवणाऱ्याला ‘नाही’ म्हणून दुसरीकडे जाता येत होते का, किंवा निदान हिशेब मागता येत होता का?

आरंभापासूनच पाहू. भाटघरचे मोठे धरण 1928 साली पुरे झाले आणि नीरेच्या दोन्ही कालव्यांना भरवशाचे पाणी मिळाले. धरण सरकारने बांधले होते. 1932 साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि तिसाच्या आसपास असलेले देशातले कारखाने चार-पाच वर्षांत 130 च्या वर गेले. याच लाटेत चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि श्रीपूरच्या माळावर कारखान्याची चिमणी उभी राहिली. नीरेपलीकडे वालचंद हिराचंदांचे वालचंदनगर वसले. म्हणजे ज्याला आपण खाजगी उद्योजकतेचे यश म्हणतो, ते सरकारी पाण्यावर आणि सरकारी जकातीच्या आडोशाला वाढले. धाडस त्यांचे होतेच. कंपनीत पैसा घालणारे भागधारक होते, आणि कायदा त्यांच्या बाजूला होता. सिंडिकेटच्या काही भागधारकांनी कारभाराविरुद्ध मागितलेली दाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तिचा निकाल 1960 सालचा आहे. हिशेब मागण्याची सोय होती, पण ती शेअर घेणाऱ्याला. जमीन देणाऱ्याला ती नव्हती.

दख्खनच्या खाजगी साखरेची गोम इथेच आहे. उत्तरेत कारखाना शेतकऱ्याकडून ऊस विकत घेई; इथे कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी वर्षानुवर्षांच्या खंडाने घेतल्या आणि स्वतःच ऊस लावला. खंड ठरलेला, उसाचा नफा दुसऱ्याचा. जमिनीचा मूळ मालक खंडकरी झाला, आणि पुष्कळदा आपल्याच वावरात रोजगारी. याला अपवाद माळीनगरचा. सासवडकडून कालव्यावर ऊस करायला आलेल्या माळी बागायतदारांनी 1932 साली सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली. मंदीत गुळाचा भाव कोसळला होता, तेव्हा गूळ सोडून साखर करावी हा रोकडा विचार त्यामागे होता. नोंदणी कंपनी कायद्याखाली, भाग शेतकऱ्यांचे. पोथीतल्या कुठल्याच व्याख्येत ती नीट बसत नाही, आणि ती आजही उभी आहे.

खंडकऱ्यांच्या रागाला उत्तर म्हणून 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला. कारखान्यांचे मळे सरकारने घेतले. समाजवादाच्या सरळ अर्थाने ते मूळ मालकाला परत जायला हवे होते. पण 1963 साली राज्य शेती महामंडळ निघाले आणि जमीन एका मोठ्या मालकाकडून त्याहून मोठ्या मालकाकडे गेली. माळशिरस तालुक्यातही महामंडळाचे मळे होते. तुकडे पडले तर कारखान्याला ऊस मिळणार नाही, हे त्याचे समर्थन होते, आणि त्या काळात ते अगदीच पोकळ नव्हते. मात्र तोट्याची झळ कुणाच्याच खिशाला थेट लागत नाही अशी शेती जशी चालते तशीच ती चालली. महामंडळ तोट्यात रुतले, आणि बहुतेक खंडकऱ्यांना जमीन मिळायला या शतकाचे दुसरे दशक उजाडले. तोवर दावा सांगणारे नातू झाले होते.

मग सहकार जिंकला असे म्हणावे का? 1960 च्या सुमारास शंकरराव मोहिते-पाटलांनी अकलूजला सहकारी कारखाना उभारला, तो धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे-पाटलांनी प्रवरानगरला घालून दिलेल्या वाटेने. परवान्यात सहकाराला झुकते माप होते, सरकारचे भागभांडवल होते, कर्जाला हमी होती. एवढे टेकू दिल्यावर कोणीही उभा राहील, हा बाजारवाद्यांचा आक्षेप आहे. तो खोटा नाही. फक्त जकातीच्या आडोशाला वाढलेल्या खाजगी कारखान्यांनी तो घेऊ नये. सहकाराचे खरे देणे असे की दोन-तीन एकरवाला सभासद झाला, त्याचा ऊस गव्हाणीत गेला आणि वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारायचा हक्क त्याला मिळाला. बिघाड झाला तो 1984 च्या झोनबंदीने. ज्या कारखान्याच्या क्षेत्रात ऊस, त्यालाच तो घालायचा. सभासदाच्या हातातले दुसरे हत्यार, दुसरीकडे जाण्याचे, काढून घेतले गेले. मग सभेतला प्रश्नही बोथट झाला, कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या उसाला तोड कधी द्यायची हे उत्तर देणाराच ठरवत होता. शेतकरी संघटनेने यावर रान उठवले आणि 1997 साली झोनबंदी गेली. पुढच्याच वर्षी केंद्राने साखरेचा परवानाही काढून टाकला.

यावर सहकारवाल्यांचे म्हणणे असे की उसाची पळवापळवी सुरू झाली, कमकुवत कारखाने कर्जात बुडाले आणि लिलावात खाजगी लोकांनी ते स्वस्तात घेतले. हे घडले आहे. पण स्पर्धेने बुडालेले आणि आधीच पोखरलेले यांत फरक केला पाहिजे. जो कारखाना वजनात चोख आणि बिलात वेळेवर असतो, त्याचा सभासद टनामागे थोड्या पैशांसाठी सहसा पळत नाही. श्रीपुरातच पाहा. जिथे एकेकाळी सिंडिकेटची साखर होई, तिथे आज सुधाकरपंत परिचारकांनी दीर्घकाळ नेतृत्व केलेला श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना ऊस गाळतो. खाजगीकडून सहकाराकडे असा हा उलटा प्रवास, आणि तोही आजूबाजूला खाजगी कारखाने वाढत असताना टिकलेला. जिल्ह्यात इतके कारखाने झाले आहेत की शेतकऱ्याला वजनकाटा आणि भाव पाहून ऊस घालता येतो. दोन कारखान्यांत 25 किलोमीटरचे हवाई अंतर हवे, ही अट मात्र राज्यात राहिली आहे. तिचा फायदा आधीपासून असलेल्या कारखान्याला होतो, मग तो खाजगी असो की सहकारी, आणि तिच्या बाजूने दोघेही एका सुरात बोलतात.

माझ्या कसोटीलाही एक भोक आहे, ते झाकून उपयोग नाही. दुसरीकडे जाण्याची मुभा मिळाली ती उसाच्या मालकाला. दर हंगामात बीडकडून येणारा कोयता मुकादमाची उचल घेऊन येतो, आणि ती फिटेपर्यंत फड बदलू शकत नाही. सिंडिकेटच्या काळात, महामंडळाच्या मळ्यावर आणि सहकाराच्या भरभराटीतही तोडणाऱ्याच्या वाट्याला निवड आली नाही. कारखान्याचा तो ना सभासद, ना भागधारक, ना धड नोकर.